सपाट पत्र्याची गोलाई

रस्त्यावरून धावणाऱ्या आजच्या बहुतेक मोटारींचा पत्रा शेकडो टनांचा दाब देणाऱ्या यंत्राखाली, पोलादी साच्यात, काही क्षणांत आकाराला आलेला असतो. परंतु असा साचा जिच्यासाठी करणे मुळी परवडणारच नाही अशा एखाद्या एकट्या गाडीचे मडगार्ड, बॉनेट किंवा दाराचे बाहेरचे अंग केवळ हातोडी, ऐरण, वाळूची पिशवी आणि दोन चाकांचे एक साधे यंत्र एवढ्या सामग्रीवर घडविणारे कसबी लोक जगात अद्याप आहेत, आणि त्यांच्या कामामागे भूमितीचा व धातुशास्त्राचा जो विचार आहे तो विद्यापीठात शिकविल्या जाणाऱ्या कोणत्याही विषयाच्या तोडीचा आहे, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. ‘ठोकाठोकी’ या एका शब्दात आपण या विद्येची बोळवण करीत आलो. ती किती अन्यायाची आहे हे पटवून द्यावयाचे तर स्तुतिस्तोत्रांपेक्षा या कामाची कार्यकारणपरंपरा उलगडून दाखविणे अधिक उपयोगाचे, म्हणून प्रस्तुत लेखात तेच करावयाचे योजिले आहे.

प्रथम एक साधा प्रयोग पाहावा. कोरा कागद लाटण्याभोवती गुंडाळला तर तो कोठेही न चुरगळता बेमालूम बसतो. तोच कागद नारळावर बसवू गेल्यास कडेला चुण्या पडतात, आणि चुण्या पडू द्यावयाच्या नाहीत असा आग्रह धरला तर तो फाटतो. लाटण्याला बाक एकाच दिशेचा आहे, नारळाला दोन दिशांचा. कार्ल फ्रिड्रिख गाउस या थोर जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध करून दाखविले की, एखाद्या पृष्ठावरील बिंदूंमधली अंतरे जोवर कायम आहेत तोवर ते पृष्ठ कसेही वाकविले तरी त्याची अंगभूत वक्रता बदलत नाही. सपाट पत्र्याची ही वक्रता शून्य असल्यामुळे त्याची नळी किंवा नरसाळे नुसते वाकवून होते. मडगार्ड मात्र तसे होत नाही, कारण मडगार्डाला चाकाच्या वळणाप्रमाणे एक बाक असतो आणि त्याला काटकोनात दुसरा. तेव्हा मडगार्ड करावयाचे म्हणजे पत्र्यावरील अंतरेच बदलावयाची, म्हणजेच कोठे तरी धातू ताणावयाचा किंवा कोठे तरी आकसवावयाचा. मडगार्ड जेथे दाराकडे मुरडते तेथे तर दोन्ही बाक एकमेकांच्या उलट दिशांना जातात. अशा खोगिरी भागात कडेची लांबी वाढवावी लागते, तर घुमटासारख्या भागात ती कमी करावी लागते.

हे बदल किती मोठे असतात याचा हिशेब कोणालाही मांडता येईल. दहा सेंटिमीटर त्रिज्येचा एक अर्धगोल सपाट चकतीपासून करावयाचा आहे असे समजू. त्याच्या माथ्यापासून कडेपर्यंतचे अंतर, पृष्ठावरून मोजले असता, सुमारे १५.७ सेंटिमीटर भरते. तितक्या त्रिज्येची सपाट चकती घेतली तर तिचा घेर जवळजवळ ९८.७ सेंटिमीटर होतो, आणि अर्धगोलाच्या कडेचा घेर तर अवघा ६२.८ सेंटिमीटर आहे. म्हणजे कडेवरचा सुमारे ३६ सेंटिमीटर धातू, एक कणही कापून न टाकता, जागच्या जागी जिरवावयाचा. उलट बाजूने, कडेला धक्का न लावता दहाच सेंटिमीटर त्रिज्येची चकती मधोमध ताणून खोल करावी म्हटले तर तिचे ३१४ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ ६२८ होईपर्यंत वाढवावे लागेल आणि जाडी सरासरीने निम्म्यावर येईल, १.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा ०.८ मिलिमीटरचा होईल, आणि माथ्याला त्याहूनही पातळ. मोटारीच्या अंगावर पूर्ण अर्धगोल क्वचितच येतो, परंतु हेच गणित सौम्य प्रमाणात तिच्या प्रत्येक गोलाईला लागू आहे. केवळ ताणीत गेले तर पत्रा पातळ होऊन फाटतो. केवळ आकसवीत गेले तर कड जाड होते आणि काम संपता संपत नाही. जाणता कारागीर दोहोंची वाटणी करतो, कडेला थोडे आकसवितो, मध्ये थोडे ताणतो, आणि जाडी सर्वत्र साधारण एकसारखी राखतो. या वाटणीचा निर्णय हातोडी उचलण्यापूर्वीच व्हावा लागतो. तो कोणत्याही मोजपट्टीवर लिहिलेला नसतो, आणि माझ्या मते या विद्येचे सारे मर्म त्या निर्णयात आहे.

धातूच्या निवडीचा विचार त्यानंतरचा. पोलादाचा साधारण एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो, तर १.६ मिलिमीटर जाडीचा तेवढाच ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे ४.३ किलो. शर्यतीच्या मोटारी आणि उंची गाड्या यांसाठी ॲल्युमिनियमला पसंती मिळाली ती या हलकेपणामुळे, तसेच हाताखाली चटकन वळण घेण्याच्या त्याच्या मृदू स्वभावामुळे. परंतु हे मार्दव टिकत नाही. प्रत्येक घावाबरोबर धातू कठीण होत जातो. धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रचनेतील रेषारूप दोष असतात आणि ते सरकू शकतात म्हणूनच धातू तुटण्याऐवजी वाकतो, हे १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडले. घाव पडत जातात तसे हे दोष संख्येने वाढतात, एकमेकांत गुंततात, आणि मग त्यांना सरकावयास वाव उरत नाही. पत्र्यावर काम करणाऱ्याला हे कळते ते कानाने: आधी बद्द वाजणारा पत्रा खणखणू लागला की त्याला पुन्हा ताव देण्याची वेळ झाली.

हा ताव देण्याचा विधीही मोठा शहाणपणाचा आहे. लोखंड तापले की लाल होऊन आपली अवस्था सांगते. ॲल्युमिनियम तसे काहीच सांगत नाही, आणि ६६० अंश सेल्सिअसला, मिश्रधातू असल्यास त्याहूनही आधी, एकाएकी ओघळून खाली पडते. म्हणून पत्र्यावर अंगाचा किंवा कपड्यांचा साबण चोळावयाचा आणि मागून ज्योत फिरवावयाची. साबण तपकिरी होऊन काळा पडू लागला की समजावे, धातू साधारण साडेतीनशे ते चारशे अंशांच्या दरम्यान पोचला आणि मऊ झाला. दुसरी रीत म्हणजे ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीने पत्र्यावर काजळी धरावयाची आणि मग स्वच्छ ज्योतीने ती उडून जाईपर्यंत तापवावयाचे. तापमापकाशिवाय तापमान मोजण्याच्या या युक्त्या कोणा प्रयोगशाळेत जन्मल्या नाहीत. त्या कारखान्याच्या जमिनीवर सापडल्या आणि आजही चालतात.

आता प्रत्यक्ष घडण. कातड्याच्या जाड पिशवीत वाळू भरून तिच्यावर पत्रा ठेवतात आणि लाकडाच्या फुगीर तोंडाच्या मोगरीने घाव घालतात. वाळू घावाखाली दबते पण पसरून जात नाही, त्यामुळे पत्रा त्या ठिकाणी खोल जातो आणि ताणला जातो. त्याच वेळी कडेला आपोआप लाटा उठतात. अडाणी हात या लाटा पाहून घाबरतो आणि त्या सपाट करून टाकतो, म्हणजे मिळविलेली खोली गमावतो. शिकलेला हात त्यांचे स्वागत करतो, किंबहुना दुतोंडी चिमट्याने मुरगाळून, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या, त्या मुद्दाम घालतो, आणि मग निरी उघडून पसरणार नाही अशा बेताने तिच्यावर घाव घालून तो धातू त्याच्याच अंगात दाबून बसवितो. निरी नाहीशी झाली की तेथली कड आखूड व किंचित जाड झालेली आढळते. वर ज्या छत्तीस सेंटिमीटरांचा हिशेब मांडला ते असे, एकेक निरी करून, जिरतात.

पिशवीवरून उतरलेला पत्रा खळग्या-उंचवट्यांनी भरलेला असतो, आणि त्याला पाहून यातून चकचकीत मडगार्ड निघेल असे कोणाला सांगूनही पटणार नाही. येथे ‘इंग्लिश व्हील’ नावाच्या यंत्राची योजना होते. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी एक भक्कम चौकट, तिच्या वरच्या जबड्यात मोठे, सपाट धावेचे चाक आणि खालच्या जबड्यात लहान, फुगीर धावेचे दुसरे चाक, एवढेच त्याचे स्वरूप. खालची चाके कमी-अधिक फुगीरपणाची असून हव्या त्या गोलाईप्रमाणे बदलता येतात. स्क्रू आवळून दोहोंमधला दाब ठरवावयाचा आणि पत्रा त्यांच्यामधून पुढे-मागे ओढीत राहावयाचे. चाके जेथे पत्र्याला चिमटतात ती जागा अगदी अरुंद असल्यामुळे प्रत्येक फेरीत पत्रा त्या रेषेवर केसभर पातळ होतो आणि तेवढाच विस्तारतो. रेषेला लागून दुसरी रेषा, तिला लागून तिसरी, अशी शेतातल्या तासांप्रमाणे नव्हे तर किंचित तिरकी, परस्परांना छेदणारी वाट धरली की उंचवटे बसतात, खळगे भरून येतात आणि सबंध पृष्ठ हळूहळू फुगू लागते. येथे मोह होतो तो दाब वाढविण्याचा. जास्त दाबाने काम लवकर होते खरे, पण पत्र्यावर चाकांचे पट्टे उमटतात आणि ते काढण्यात वाचविलेला वेळ दुपटीने खर्च होतो. संथपणा हा या यंत्राचा गुण आहे, उणीव नव्हे.

चाकाचा हात पोचत नाही तेथे, आणि शेवटचा हात फिरविण्यासाठी सर्वत्र, हातोडी आणि डॉली यांचे काम. डॉली म्हणजे मुठीत मावणारा, निरनिराळ्या बाकांचा पोलादी ठोकळा. तो पत्र्याच्या आतून धरावयाचा आणि बाहेरून हातोडी मारावयाची. घाव नेमका डॉलीवर पडला तर पत्रा दोन पोलादांमध्ये चिरडून ताणला जातो. घाव डॉलीच्या शेजारी पडला तर उंचवटा खाली जातो आणि डॉलीवरचा खळगा वर येतो, परंतु क्षेत्रफळ जवळजवळ तेच राहते. या दोन घावांतला भेद ज्याच्या मनगटाला समजला नाही त्याचा पत्रा ‘फुगा’ होतो: अंगठ्याने दाबला की टक्कन आत जातो, सोडला की टक्कन बाहेर येतो. तेथे भोवतालच्या मानाने क्षेत्रफळ अधिक झाले असून त्याला बसावयास जागा उरलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारी-शेजारी हलके घाव देऊन धातू सारखा व घट्ट करण्याची ही क्रिया मराठी वाचकाला परकी वाटू नये. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या हंड्या-बंबांवर जे मठारकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते याच नियमावर: मठारल्याने भांड्याला झळाळी येते, आणि तांबे कठीण झाल्यामुळे पातळ भांडेही सहजी चेपत नाही. फरक असला तर इतकाच की तांबट आपल्या घावांच्या खुणा अलंकार म्हणून राखतो, आणि मोटारीचा कारागीर कानशीने व पॉलिशने त्या पुसून टाकतो.

एका सबंध मडगार्डासाठी एकच पत्रा घेणे बहुधा शहाणपणाचे नसते. फार खोल भागाला फार धातू हलवावा लागतो. म्हणून तो तुकड्यांत विभागून, प्रत्येक तुकडा स्वतंत्र घडवून, मग जोडतात, आणि जोड कोठे घ्यावयाचा हे ठरविण्यात निम्मे यश असते. ॲल्युमिनियमच्या जोडकामात आणखी एक अडचण आहे. त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा जो अदृश्य पापुद्रा असतो तो वितळावयास सुमारे २,०७० अंश लागतात, आणि आतला धातू तर ६६०लाच वितळलेला असतो. गॅसच्या ज्योतीने जोडताना हा पापुद्रा विरघळविणारे क्षारमिश्रण लावावे लागते, आणि काम झाल्यावर ते गरम पाण्याने कसोशीने धुऊन काढावे लागते, नाहीतर तेच पुढे धातूला खाते. जोड मऊ आहे तोवर हातोडी-डॉलीने त्याला पत्र्याच्या पातळीत आणले की तो कोठे होता हे पुढे सांगता येत नाही.

आकार बरोबर आला हे ठरवावयाचे कशावरून? इंग्लंडात लाकडी फळ्यांच्या आडव्या-उभ्या छेदांचा सांगाडा करून त्यावर पत्रा बसवून पाहण्याची पद्धत रूढ झाली. इटलीत लोखंडी तारांचा सांगाडा जोडून तेच साधीत. तरी शेवटचा निवाडा तळहाताचा. हात सपाट ठेवून, डोळे बाजूला वळवून, पत्र्यावरून लांबच्या लांब फिरविला असता, डोळ्यांना न दिसणारा उंचसखलपणा बोटांच्या मुळाशी जाणवतो, आणि जाणकार लोक हाताला पातळ कापड घेऊन तो अधिकच बारकाईने टिपतात.

या कलेचा परमोत्कर्ष पाहावयाचा तर उत्तर इटलीकडे वळावे लागते. मिलान येथे १९२६ साली फेलिचे बियांकी अँदेर्लोनी आणि गाएतानो पोन्झोनी यांनी ‘कारोत्सेरिया तुरिंग’ ही संस्था काढली आणि पुढच्या दशकात ‘सुपरलेजेरा’ म्हणजे ‘अतिहलकी’ नावाची बांधणी प्रचारात आणली: बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर हाताने घडविलेले ॲल्युमिनियमचे आवरण. इंग्लंडच्या ॲस्टन मार्टिन कंपनीने १९५८ची आपली डीबी-४ आणि १९६३ची डीबी-५ याच पद्धतीने, रीतसर परवाना घेऊन, न्यूपोर्ट पॅग्नेल येथे बांधली. त्या पद्धतीत एक दोष होता. पोलाद व ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यांच्यात विद्युत्‌-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते, आणि आज त्या गाड्यांची डागडुजी करणाऱ्यांचा बराचसा वेळ नळ्यांलगतचा असा कुजलेला पत्रा पुन्हा घडविण्यात जातो. मोदेना गावच्या सेर्जो स्कालियेत्ती (१९२०–२०११) यांनी फेरारीच्या शर्यतीच्या मोटारींची अंगे घडविली ती आराखड्यापेक्षा आपल्या नजरेवर अधिक विसंबून. १९६२ ते १९६४ या काळात झालेल्या फेरारी २५०-जीटीओ या ३६ मोटारींत तंतोतंत सारख्या दोन मोटारी सापडत नाहीत, कारण प्रत्येकीचा पत्रा माणसांच्या हातांनी बडवून काढला होता. हा त्यांचा उणेपणा कोणी मानीत नाही, आणि मानू नये.

मोटारीचे अंग स्वतंत्रपणे घडविणे ही एके काळी हौशी लोकांपुरती गोष्ट नव्हती. रोल्स-रॉइससारखी कंपनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी इंजिनासह केवळ सांगाडा विकीत असे. त्यावर अंग चढविण्याचे काम ग्राहकाने पसंत केलेल्या निराळ्या कारखान्याकडे जाई. आपल्या संस्थानिकांच्या गाड्या याच रीतीने तयार झाल्या. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकेतून मागविलेल्या ड्यूझेनबर्ग मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने १९३६ साली नारिंगी व काळ्या रंगांत, अवघ्या दोन माणसांसाठी, जे लांबलचक अंग घडविले ते त्या काळच्या पत्राकामाचा एक श्रेष्ठ नमुना म्हणून आजही दाखविले जाते.

दरम्यान या कारागिरीच्या मुळावर घाव पडू लागला होता. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांच्या कारखान्याने १९१४ पासून डॉज बंधूंसाठी साच्यात दाबून काढलेली, सर्वस्वी पोलादी अंगे पुरविण्यास सुरुवात केली. १९२४ साली सिट्रॉएनने बडच्याच पद्धतीची पोलादी मोटार युरोपात आणली. साचा महाग, पण त्यातून लक्षावधी नग निघत असल्याने प्रत्येक नगावरचा बोजा नगण्य. हा हिशेब बिनतोड होता, आणि सामान्य माणसाला मोटार मिळाली ती त्याच्यामुळेच, हे मान्य करणे प्राप्त आहे. परंतु जेथे एकच गाडी करावयाची किंवा जिचा साचा केव्हाच भंगारात गेला ती दुरुस्त करावयाची, तेथे हाताला आजही पर्याय मिळालेला नाही. ॲस्टन मार्टिनने २०१८ साली जुन्या डीबी-५च्या धर्तीच्या नव्या २५ गाड्या करण्याचे जाहीर केले, आणि त्या पुन्हा न्यूपोर्ट पॅग्नेललाच, प्रत्येकी सुमारे ४,५०० तासांचे श्रम खर्चून, बांधल्या गेल्या.

आपल्याकडे ही विद्या कोणत्या स्वरूपात उरली आहे, असे विचाराल तर उत्तर जवळच्या गॅरेजात मिळते. अपघाताने ताणलेला पोलादी पत्रा आकसविण्यासाठी आपला डेंटर गॅसची बारीक ज्योत रुपयाएवढ्या जागेवर धरून ती लाल करतो. तापलेला ठिपका पसरू पाहतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मऊ झालेला धातू मग जागच्या जागीच दाटतो. त्यावर लगेच दोन-चार घाव आणि ओले फडके, की निवताना तो ठिपका आपल्या मूळ क्षेत्रफळाहून लहान होऊन बसतो आणि फुग्याची टकटक थांबते. तीन-चार ठिपक्यांत सबंध दार ताणून सरळ करणारा हा माणूस उष्णताप्रसरणाचा नियम पुस्तकात शिकलेला नसतो, पण कोठे आणि किती तापवावे याबाबतीत तो क्वचितच चुकतो.

दुर्दैवाने पोचा काढण्याऐवजी तो पुटीने बुजविण्याची चाल आता सर्रास झाली आहे. पुटी स्वस्त आहे, झटपट वाळते आणि रंग चढविल्यावर दिसत नाही. परंतु जाड थर कालांतराने तडकतो, फटीतून पाणी शिरते, आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या रंगाखाली पत्रा गंजत राहतो. पूर्वी खोलगट जागा शिसे-कथिलाच्या डाखाने भरीत; ते टिकाऊ खरे, मात्र शिशाची धूळ व वाफ विषारी. पातळसर पुटी शेवटचा हात म्हणून क्षम्य आहे. घडणीच्या ऐवजी ती वापरणे हे निकृष्ट काम होय, आणि त्याचा दोष कारागिरापेक्षा घाई करणाऱ्या ग्राहकाकडे अधिक जातो.

म्हणून ज्यांच्या दारात एखादी जुनी मोटार उभी आहे त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की तिचे मडगार्ड कापून टाकण्याचा किंवा पुटीने भरून काढण्याचा हुकूम देण्यापूर्वी, पत्रा आतून हातोडी-डॉलीवर सरळ होईल काय हे एखाद्या मुरलेल्या कारागिराला विचारावे, तो सांगेल तितका वेळ त्याला द्यावा, आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकाऊ मुलगा किंवा मुलगी असेल तर त्या दोघांचीही मजुरी घासाघीस न करता चुकती करावी.